फुंकणी लावल्याली जीप

आमच्या मालकाचं नाव म्हस्कू. आता घेती नाव, केस पिकल्यावर कशाची लाज! तर ह्यो म्हस्कू म्हंजी हट्टाचं गाठुडं. इंदापुरातनं बावड्याला जाणाऱ्या रस्त्याला त्याचं पत्र्याचं शेड हुतं. उसाच्या दिवसांत तितं ट्रॅक्टर आन ट्रॉल्यांची रांग लागायची आन ह्यो कुणाच्या तरी खाली उताणा पडल्याला असायचा. बाहेर पाय दिसलं की समजायचं, मालक जागंवर हाय.

मी सांगती ती गोष्ट आमची छकुली चौथीत हुती तवाची, म्हंजी शहाण्णव-सत्त्याण्णव साल असंल. मला माझी आय घरी आणायची हुती. एवढीच गोष्ट हाय. पण ती एवढी सोपी असती तर मी कशाला सांगत बसली असती?

आय, ठमाबाई, माझ्या भावाच्या, रामच्या वाड्याबरोबर चालायची. वाडा म्हणल्यावर दगडी घर डोळ्यापुढं आणू नका. आमा धनगरांचा वाडा म्हंजी पाच-सा बिऱ्हाडांची मेंढरं, घोडी, कुत्री, लेकरं, सगळं संगं चालतं त्यो. दिवाळी झाली की घाट उतरून कोकणात, पावसाच्या आधी माघारी. माझं लगीन झालं तवा माघारी म्हंजी इंदापूरला यायचा. आय माळावर तळ टाकायची आन मी सांजच्याला पळत जाऊन तिच्या मांडीवर डोकं ठिवायची. मंग कालव्याचं पाणी आलं, ऊस आला. माळ नांगरून निघाला. उसाच्या राज्यात मेंढरू कोण घालून घेतंय? वाडा तिकडं पुरंदरच्या डोंगरालाच थांबाया लागला. माझ्या सासऱ्यानं तर कवाच मेंढरं इकली, म्हणून त्येंचा ल्योक मिस्त्री झाला. त्याच उसाच्या ट्रॅक्टरवर आमची चूल पेटती, मंग शिव्या तरी कुणाला द्यायच्या? पण मी देतीच.

त्या साली संक्रांतीच्या तोंडावर लोकर घेणारा सनगर आमच्याकडं चहाला बसला हुता. बशी फुर्र करून म्हणला, "सिंधूबाई, घाटाखाली तुमच्या आयला बघितलं. घोडीवर बसून चालत्यात आता."

माझ्या हातातली गाळणी तशीच राह्यली. घोडीवर आमच्यात बिऱ्हाड बसतं, कोंबड्या बसत्यात, लंगडं कोकरू बसतं. बाई घोडीचं दावं धरून म्होरं चालती. बाईच घोडीवर बसली म्हंजी तिचं चालणं संपलं.

मालकाला म्हणलं, "मला माझी आय पायजे. आणा."

"बाजारातनं?" म्हणला. असा बोलतो मेला! पण दुसऱ्या दिशी त्यानं जीप काढली.

एष्टीनं का न्हाय गेला, म्हणाल. एष्टी डांबरीवर सोडती. वाडा आज ह्या शिवारात, उद्या त्या. गुडघं गेल्याल्या म्हातारीला तितनं डांबरीपतुर उचलून आणायचं कुणी? आमची जीप चारी चाकांनी वढणारी हुती, ढेकळात बी चालायची. लष्कराच्या लिलावातनं आल्याली. मूळचं इंजान गेल्यालं, म्हणून ह्यानं त्यात कुठलं तरी म्हातारं डिजेल इंजान बशिवल्यालं. सपाटीला हरिण, चढाला म्हस.

बारामती, नीरा, भोर, सगळं नीट झालं. वरंधा घाटाचा चढ लागला आन म्हस बसली. धूर निघतुया, पाणी उकळतंय, गाडी मागं सरतीया. मी उतरून चाकाखाली दगड लावला. पुन्यांदा चालू, पुन्यांदा बंद. आय घाटाखाली, मी घाटावर, आन मधी ही म्हस रवंथ करीत हुबी. रडली मी. मोठ्यानं रडली. एका ट्रकवाल्यानं गाडी थांबवून इचारलं, कोण गेलं का म्हणून. मालक घरी येईपतुर एक शब्द बोलला न्हाय. त्यो गप बसला की मला भ्या वाटतं, कारण मंग त्यो कायतरी करतो.

आन केलंच. बारामतीच्या भंगारातनं पलटी झाल्याल्या ट्रकचा एक लोखंडी शंख घिऊन आला आन माझ्या परातीत रॉकेल वतून धुवाया बसला. माझ्या भाकरीच्या परातीत!

"अवं, ह्ये काय?"

"टर्बू. इंजनाचा धूर बाहेर जातो का न्हाय? त्याच्या जोरावर हिकडचा पंखा फिरतो. त्याच दांडीवर तिकडं दुसरा पंखा हाय, त्यो इंजनात वारा कोंबतो. वारा जास्ती, म्हंजी जोर जास्ती."

"म्हंजी फुंकणी की!" मी म्हणलं. "आन तीबी आपल्याच धुरानं आपलीच चूल फुंकायची."

त्यो जरा इचारात पडला. "व्हय," म्हणला, "फुंकणीच." तवापासनं घरात तिचं नाव फुंकणीच पडलं.

ट्रकची फुंकणी जिपंला बसायची कशी? बारामतीला आप्पासाहेब लेथवाला हुता, त्याच्याकडं मापं घिऊन गेला. मीबी संगं. आप्पासाहेब पोट धरून हसला. "म्हस्कू, हत्तीची सोंड शेळीला लावतोस व्हय रं?" पण माणूस मनाचा चांगला. मधला जोडतुकडा कातून दिला आन बजावलं, "ह्यो पंखा तेलावर तरंगतो. चढ चढून तापला की लगीच इंजान बंद करू नगंस. पान खाऊस्तवर चालू ठेव. इंजान थांबलं की तेल थांबतं, आन पंखा वांग्यावानी भाजतो." मालकानं मान हलवली. मीबी हलवली, मला काय कळलं हुतं देव जाणे.

महिनाभर ठोकाठोक चालली. शेतातल्या मोटरीचा जाड पाइप वाऱ्यासाठी लावला, तर एक दिस त्यो फटाक्यावानी उडाला आन सासूबाई देव्हाऱ्यापुढनं पळत बाहेर आल्या. कधी तेल गळायचं, कधी जोड फुटायचा. मी टोमणं मारायची आन टोमणं मारता मारता टॉर्च बी धरायची. शेवटी एक दिस मालक म्हणला, "बस." कालव्याच्या भरावावर जीप घातली. आधी काय न्हाय, नुसती घरघर. मंग बारीक शिट्टी वाजाया लागली, वाढत वाढत गेली, आन कुणी पाठीत धक्का द्यावा तशी जीप वर उडाली. "आगं आई गं!" वरडली मी. मालक पोरावानी हसत हुता. त्याला तसं हसताना मी लई कमी येळा बघितलंय.

घरी आल्यावर मी खिडकीखालची जागा सारवली. नवं लुगडं आणून ठिवलं. आयला हुलग्याचं माडगं आवडतं, म्हणून हुलगं भाजून दळलं. सारखं डोळ्यापुढं एकच यायचं. आय चुलीपुढं पाटावर बसल्याली हाय आन मी तिला गरम गरम भाकरी वाढती. लई काय मागत न्हवती मी. जलमभर तिनं आमाला वाढलं, ती बसून निवांत जेवल्याली मला आठवतच न्हाय. एकडाव तरी तिला माझ्या घरात बसून जेवताना बघायचं हुतं.

शिमगा झाला आन आमी निघालो. ह्या बारीला घाटात फुंकणीनं काय सूर धरला म्हणून सांगू! जितं बसलो हुतो त्यो चढ मालकानं गाणं म्हणत काढला. मी त्याच्या दंडावर चापट मारली, "वा रं माझ्या राजा!" असं चारचौघांत बोलायची बिशाद न्हवती, पण घाटात कोण ऐकतंय.

आन माथा आला. म्होरं सगळा उतार.

आता आमच्याकडल्या डायवरांची एक खोड हाय. उतार लागला की इंजान बंद. देवानं फुकट दिल्याला उतार, त्यात डिजेल कशाला जाळायचं? ट्रॅक्टरवाला असू द्या न्हाईतर ट्रकवाला, उतार दिसला की हात आपसूक जातो. मालकाचा हात तसाच गेला. बंद करायची तार वढली. सगळं गप झालं. नुसता चाकांचा आवाज आन कानाला वारा. मला तर बरंच वाटलं, कारण त्या शांततेत खालनं मेंढरं आन कुत्री ऐकू आली. मंग एक हाळी आली, लांबडी. माझ्या भावाचीच. "थांबवा! राम हाय त्यो!" मी उठून हुबीच राह्यली.

खाली भाताच्या मोकळ्या खाचरांत जायला म्हणून मालकानं इंजान चालू केलं. शिट्टी न्हाय. मागं काळा धूर. कशीबशी वाड्यापतुर नेली, झाकण उघडलं आन पंख्याला बोट लावलं. पंखा हलंना. तेलाबिगर भाजून दांडीच आत चिकटून बसली हुती.

"आप्पानं सांगितलं हुतं," म्हणला. "सिंधे, माझा हात गं. माझाच हात गेला." म्हयनाभराची मेहनत हुती ती. त्याचं तोंड बघून मी तोंडात आल्याल्या शिव्या गिळल्या. सगळ्या न्हाय, निम्म्या.

आय तीन दगडांच्या चुलीपुढं हुती. मला बघितलं आन उठाया गेली, पण उठता येईना. मी धावून गळ्यात पडली. किती बारीक झाली हुती! हाताला नुसती हाडं लागली. मालकाला बघून तिनं पदर वढला आन पाठ फिरवली. आमच्यात सासू जावयाशी बोलत न्हाय. "जावयाला म्हणावं, बसा," असं ती घोडीकडं बघून म्हणली.

"आये, तुला न्यायला आलोय."

"मला? आन घोडी कोण धरंल?"

तवा कळलं. रामची बायको, बनी, बाळंतपणाला म्हायेरी गेली हुती. त्या बिऱ्हाडात बाई म्हणून आयच राह्यल्याली. वाड्यात बापय मेंढरामागं पांगत्यात. तळ उचलायचा, घोडी लादायची, म्होरं जाऊन चूल मांडायची, ह्ये बाईचं काम. बाई न्हाय त्या बिऱ्हाडाची घोडी हलत न्हाय. म्हणून ती गुडघं गेल्याली बाई घोडीवर बसून का हुईना, चालत हुती.

राम म्हणला, "बनीची धाकटी भण भोरला हाय. ती यायला तयार हाय. तिला जिपंतनं आणली की आयला न्या."

मी मालकाकडं बघितलं. त्यो खाली बघत म्हणला, "फुंकणी काढून टाकीन. इंजान आता मागच्यापेक्षा बरं हाय, वळणावळणाला थांबत, पाणी वतत एकडाव चढंल, रडत-खडत. पुन्यांदा खाली येऊन पुन्यांदा चढायची न्हाय." वाडा तर दुसऱ्या दिशी उजाडताच हलणार हुता, खाचराच्या धन्यानं तसं सांगितल्यालं. मंग ती एकटी पोर वाडा हुडकीत कुठं फिरंल?

आयनं शांतपणानं भाकरी उलटली. "तू जा बाई. तुझं घर हाय, लेक हाय. गाठ पडली, लई झालं."

लई झालं! मला असा राग आला म्हणून सांगू. "काय लई झालं? मी घोडी धरती. तू जा." तोंडातनं गेलं ते गेलं. लगीन झाल्यापासनं दाव्याला हात न्हवता लागला. आय न्हाय न्हाय म्हणत राह्यली. मी तिचं गुडघं दाबत बसली आन ऐकलं न्हाय. शेवटी ती कबूल झाली, पण तिनं अट घातली. "पावसाला बनी लेकरू घिऊन आली, की मला हितं माघारी आणून सोडायचं. माझी मेंढरं मी सोडणार न्हाय."

उजाडता उजाडता मालकानं तिला उचलून जिपंत ठिवलं. सासूला जावयानं उचललं! ती डोळं मिटून बसली हुती. मी मालकाला सांगत हुती, गरम पाण्यानं शेकायला लावा, माडग्यात मीठ कमी घाला, छकुलीला तिच्याजवळ निजवा. "अगं पण आमी बोलणार कसं?" म्हणला. "बोलू नका. वाढा नुसतं," मी म्हणलं. जीप वरडत पहिल्या वळणाला गेली. घोडी आयच्या मागं जायाला बघत हुती. मी तिच्या गळ्यात हात टाकून तिला धरलं आन तितंच हुंदके देत राह्यली. वरनं जिपंचा आवाज लई येळ येत हुता. चढली ती. त्ये मला पुढं एका टेम्पोवाल्याकडनं कळलं.

मंग मी चालली. चैत्र, वैशाख, निम्मा जेठ. पायाला फोड आलं, फुटलं, कातडं घट झालं. तीन दगड मांडलं की वाटायचं, आत्ता आय माझ्या चुलीपुढं बसली असंल.

पुरंदरच्या पायथ्याला पहिला पाऊस पडून गेल्यावर बनी आली, कडंवर पोरगा घिऊन. चार दिसांनी मालकाची जीप आली. आय आपली आपण उतरली. अंगावर मांस आलं हुतं. मी आणल्यालं लुगडं नेसली हुती. मला वाटलं, एक दिस तरी गाठ पडंल, पण राम हाळी द्यायलाच लागला हुता. मेंढरं उठली हुती, आन उठल्यावर ती कुणासाठी थांबत न्हाईत.

"आये, बरं वाटलं का माझ्या घरी?"

आयनं माझ्या हातातनं दावं घेतलं. माझ्या तोंडावरनं हात फिरवला. "लई ग्वाड घर हाय गं तुझं. पोरगी तर जीव लावती. जावई रोज ताट ठिवून पाठ फिरवून बसायचा, मी जेवूस्तवर." तिनं दावं हाताला गुंडाळलं. "तू तेवढी न्हवतीस त्यात."

ती घोडी घिऊन म्होरं झाली, चालत, बनी तिच्या मागं. मालकानं मला हात दिऊन जिपंत चढवलं आन मी बारामती येईपतुर रडत हुती.