मासळीचा वाटा आणि भुऱ्याची गोळी

मित्रांनो, मी मोखाड्यातल्या एका खासगी पशुदवाखान्यातला जुना सूक्ष्मदर्शक आहे. माझा जन्म अंबाल्याचा. अंगावरचा रंग उडाला आहे, पावसाळ्यात भिंगाला बुरशी धरते. पण नजर अजून पक्की आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

एके काळी माझ्यावाचून इथलं पान हलत नसे. मग कुत्र्यांच्या हृदयातले जंत ओळखणाऱ्या आयत्या तपासणी-पट्ट्या आल्या आणि माझी रवानगी कपाटावर झाली. इथला मदतनीस गोकुळ माझ्या पाटावर चहाचा कप ठेवू लागला. फार वाईट वाटायचं.

एकदा पट्ट्या संपल्या होत्या आणि साखरशेत पाड्यावरची सुकी तिच्या भुऱ्या कुत्र्याला घेऊन आली. त्याच्या धाकानं रानडुकरं तिच्या नाचणीकडे फिरकत नसत. तोच आता चार पावलं चढला की धापा टाकत होता, खोकत होता. डॉक्टर ममतांनी मला खाली उतरवलं, पुसलं आणि त्याच्या रक्ताचा थेंब माझ्याखाली ठेवला. त्यात जंतांची केसाहून बारीक पिल्लं वळवळत होती. डास चावला की ती कुत्र्याच्या अंगात शिरतात आणि मोठी होऊन हृदयातच घर करतात.

ममता बुचकळ्यात पडल्या. गेल्या वर्षी भुऱ्याचं रक्त स्वच्छ होतं. तेव्हापासून त्याला जंत रोखणारी दर महिन्याची गोळी सुरू होती.

"सुकीबाई, गोळी चुकली का मध्ये?"

"नाय चुकली. पन एकल्याला कशी देवू? पाड्यातली चार कुत्री संगाच नदीवर येतात. मासळीचा वाटा चौघांना, मंग गोळीचा पन केला."

सुकीच्या पाड्यावर मासे धरायला सोबत आलेल्या कुत्र्यालाही मासळीचा वाटा मिळतो. मन केवढं मोठं! पण पाव गोळीला जंत कुठले दाद देतात?

ममता रागावल्या नाहीत. "गोळी ज्याच्या वजनाची, त्यालाच. आणि आधी तपासणी. बाकीच्या तिघांनाही आणा."

"ह्यो वाचंल ना?"

"वाचेल. पण इंजेक्शनं दिल्यावर बांधून ठेवा. धावला तर मेलेले जंत फुप्फुसात अडकतील."

तिघं जीपनं आली. त्यांचं रक्त स्वच्छ निघालं. तरी नवी लागण रक्तात दिसायला सहा महिने लागतात, म्हणून तेव्हा पुन्हा बोलावलं. भुऱ्याला इंजेक्शनं झाली. सुकीनं त्याला ओट्याशी बांधलं आणि नाचणीच्या राखणीला स्वतः शेतातल्या माळ्यावर बसली.

नाचणी घरात आली, पुढचा उन्हाळाही सरला, तेव्हा भुऱ्या पुन्हा तपासणीला आला. पट्ट्या होत्या, तरी ममतांनी मलाही उतरवलं. थेंबात काहीच हललं नाही. काही न दिसल्याचा एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता. गोकुळ त्या दिवसापासून कप दुसरीकडे ठेवू लागला.

मित्रांनो, कुत्रा खोकेपर्यंत थांबू नका. वर्षातून एकदा रक्त तपासा आणि डॉक्टर देतील ती गोळी दर महिन्याला अख्खी द्या. माया मात्र सुकीकडून शिका. जाताना ती गोकुळला म्हणाली, "बांधलेला होता, नदीवर नाय आला. पन त्याचा वाटा मी घरी नेत होती."