काचेच्या छताची गाडी

शालिग्राम तीस वर्षं जबलपूरला फौजी ट्रकांच्या कारखान्यात तपासनीस होते. तयार ट्रक हातोडीनं ठोकून पाहायचा आणि खोट दिसली की खडूनं फुली मारायची, हे त्यांचं काम. नव्या नमुन्याच्या पहिल्या खेपेवर त्यांचा कधीच विश्वास बसला नाही. "खोड्या निघतील, दुसरी खेप येऊ द्या," हे त्यांचं वाक्य कारखान्यातली पोरं नकला करून म्हणत.

निवृत्तीनंतर त्यांनी मोठी, उंच, आलिशान गाडी घ्यायचं ठरवलं, ते बायकोसाठी. अंजनीबाईंच्या कण्याचं ऑपरेशन झालं होतं. लहान गाडीत वाकून शिरणं त्यांना जमत नसे. शिवाय डोळ्यांत काचबिंदू होता. गेलेली नजर परत यायची नव्हती आणि उरलेली किती टिकेल, ते डॉक्टरही सांगू शकत नव्हते. नजर आहे तोवर त्यांना एकदा जबलपूरजवळच्या कुंडम गावाला जायचं होतं. तिथल्या शाळेत त्यांनी तरुणपणी सहा वर्षं शिकवलं होतं. शाळेच्या मागे पळसाचं रान होतं. फाल्गुनात त्या वर्ग तिथंच भरवत आणि प्रत्येक मुलाला एकेका झाडाचा रंग सांगायला लावत. नुसतं 'लाल' म्हणणाऱ्याला परत पाहायला पाठवत.

शोरूममध्ये शालिग्राम टॉर्च घेऊन गाडीखाली वाकले, दारं चारदा उघडून मिटली. विक्रेता मोहन हसत बघत होता. शेवटी तो हळूच म्हणाला, "अंकलजी, सच बताऊँ? अगले साल नया मॉडेल आ रहा है. पूरी छत काँच की."

शालिग्रामांच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं : अंजनी सीटवर आरामात रेलली आहे, वर काच आहे आणि काचेवर पळस. ते गाडी न घेताच घरी आले.

"अहो, मले काच नाही पाह्यची, पळस पाह्यचा आहे," अंजनीबाई म्हणाल्या. "शेजारच्या बंडूची जीप आहे ना, तिनं जाऊ."

"त्या खटाऱ्यात? तुझा कणा राहील का जागेवर? एकच वर्ष तर आहे."

"लग्नाच्या वेळी काहून नाही थांबले मग? मी तर पहिल्याच खेपेतली होते."

दोघंही हसले. तो फाल्गुन गेला.

पुढच्या वर्षी नवी गाडी आली. शालिग्राम ती नुसतीच पाहून आले. पुण्याहून मुलगी विनीता फोनवर म्हणाली, "बाबा, ले लो ना अब. आईला आता पेपर पण वाचता येत नाही."

"पहिली खेप आहे बेटा. आईला रानात घेऊन जायचं, गाडी मधेच बंद पडली तर? सहा महिन्यांत खोड्या कळतील."

अंजनीबाई पलीकडेच भाजी निवडत होत्या. मेथीत गवताची काडी राहून जात होती. त्या वर्षी त्यांनी बंडूच्या जीपचंही नाव काढलं नाही.

तिसऱ्या फाल्गुनाच्या आधी गाडी दारात आली. गाडीत एकही खोट नव्हती. कुंडमच्या रस्त्यावर ती पाण्यासारखी चालली. शालिग्रामांनी शाळेमागे गाडी थांबवली, बटण दाबलं आणि छतावरचा पडदा मागे सरकला.

"आलं का रान?" अंजनीबाईंनी विचारलं. त्यांचा चेहरा वर वळलेला होता. "उजेड लागतो आहे तोंडावर."

"आलं."

"फुललं आहे?"

"हो. पूर्ण."

"कसा रंग आहे?"

शालिग्राम वर पाहू लागले. काचेवर एक ओरखडा नव्हता.

"लाल," ते म्हणाले.

अंजनीबाईंनी चाचपत नवऱ्याचा हात धरला आणि वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, "घाई नाही. परत पहा, अन् मले सांगा."

शालिग्रामांनी पुन्हा वर पाहिलं. पण आता सगळी झाडं पाण्यात बुडाल्यासारखी एकमेकांत मिसळली होती.