पाच वीस, सहा दहा

"शून्य! तीन महिन्यांत एक तिकीट नाही. पाच वीसच्या गाडीनं काय भुतं जातात?" मोठ्या साहेबांनी कागद टेबलावर आपटला आणि सगळी बैठक हसली.

ताई हसल्या नाहीत. सव्वीस वर्षं शहराच्या रेल्वेचं वेळापत्रक त्यांच्या हातून उतरत होतं, आणि ऑफिसात लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणायचे. यंदा वरून निधीला कात्री लागली होती. उपनगराच्या मार्गावरची एक गाडी बंद करायचीच होती, आणि पहाटेच्या पाच वीसचे दिवस भरल्यातच जमा होते.

"साहेब, उपनगरातली तिकीटखिडकी उघडते सहाला," ताई म्हणाल्या. "तिकीट काढायचं कुठं, स्वप्नात?"

हशा जागीच जिरला.

"शहरात उतरल्यावर काढतात बिचारे. मग ती तिकिटं शहराच्या नावावर मोजली जातात. काल मी स्वतः त्या गाडीनं आले. एकशे चौदा माणसं होती. निम्म्या तर इस्पितळात फरशी पुसणाऱ्या बायका. सहाला हजेरी असते त्यांची. गाडी गेली की नोकरी गेली."

साहेब माणूस वाईट नव्हता, पण त्यांचेही हात दगडाखाली होते. "पटलं, ताई. पण एक गाडी काढावीच लागेल. कुठली काढू, तुम्हीच सांगा."

उत्तर ताई घरूनच घेऊन आल्या होत्या. त्यांनी पेन्सिल उचलली आणि संध्याकाळच्या सहा दहावर सरळ रेघ मारली.

"पुढची सात वीसला आहे. लोक तासभर ताटकळतील, शिव्या घालतील. पोट कुणाचं मारलं जाणार नाही."

"अहो ताई, ही तर तुमची गाडी!" शेजारचा कारकून पुटपुटला.

"म्हणूनच खात्रीनं सांगतेय." आवाज ठणठणीत होता, पण आत पार तुटलं होतं. सहा दहाचा तिसरा डबा म्हणजे त्यांचं दुसरं माहेर होतं. नऊ जणी तिथे भाज्या निवडायच्या, सुनांची गाऱ्हाणी सांगायच्या. ताईंचे यजमान गेले तेव्हा घरी पाहुण्यांसमोर न आलेलं रडू त्याच डब्यात आलं होतं.

मैत्रिणींना त्यांनी स्वतःच सांगितलं. सगळ्या भाजी निवडायच्या थांबल्या. शाळेतल्या बाई तेवढ्या म्हणाल्या, "परक्यानं केलं असतं तर भांडलो असतो गं. तुझ्याशी काय भांडायचं?"

एक तारखेपासून घोळका पांगला. कुणी बस धरली, कुणाला मुलगा न्यायला येऊ लागला. पहिल्या संध्याकाळी ताई सात वीसची वाट पाहत फलाटावरच्या बाकावर एकट्याच बसल्या. सहा दहाला सवयीनं उठल्या, पर्स खांद्याला लावली, मोकळ्या रुळांकडे पाहिलं आणि स्वतःशीच हसून परत बसल्या. मांडीवर पिशवी घेऊन वाटाणे सोलायला लागल्या.

एक बाई धापा टाकत आली. "अहो, सहा दहा गेली का?"

"गेली," ताई म्हणाल्या. "बसा." आणि सरकून त्यांनी बाकावर जागा करून दिली.