पाठीवर चरा असलेली खुर्ची

मी एक खुर्ची. शिसवी लाकडाची, वेताच्या बैठकीची. माझ्या पाठीवर एक बारीक चरा आहे, तो कसा पडला ते सांगते.

माझी उमेदीची वर्षं एका सरकारी कचेरीत गेली. साहेबांच्या टेबलासमोर, भेटीला येणाऱ्यांसाठी मला ठेवलं होतं. पण एखादा खोत आला, व्यापारी आला, तरच मला माणसाची ऊब मिळायची. बाकीचे उभ्यानेच बोलायचे. मी रिकामीच.

बावन्न साली एक बाई आली. तिचा नवरा गलबतावर तांडेल. वादळात गलबत गेलं, माणूस सापडला नाही. तो गेल्याचा दाखला आणायला सासरच्यांनी तिला पाठवलं होतं. तिच्या मनात मात्र तो अजून यायचा होता. हातात बांगड्या तशाच होत्या.

"प्रेत नाही, तर दाखला कसा देणार?" साहेब मान वर न करता म्हणाले.

तिने माझी पाठ घट्ट धरली.

"बाई, हात काढा. पॉलिश जातं," शिपाई खेकसला.

तिने दचकून हात ओढला. एक बांगडी माझ्या पाठीवर आपटून फुटली, तिथेच हा चरा पडला. बाई खाली वाकली, काचा वेचून पदराला बांधल्या आणि निघून गेली.

पुढे कचेरीत लोखंडी सामान आलं. आम्ही जुनी मंडळी लिलावात निघालो. तिथे दाजी नावाचा एक गावकरी आला होता; तो लिलाव चुकवणारा माणूस नव्हता. शाळेच्या लिलावातला जगाचा नकाशा त्याने पावसाची झड अडवायला पडवीला बांधला होता. त्यातली आफ्रिका केव्हाच भिजून गळून पडली होती. मला मात्र त्याने गरजेपोटी घेतलं. त्याची थोरली बहीण त्याच्याकडेच राहायची, आणि गुडघ्यांमुळे तिला जमिनीवरून उठवत नसे.

डोक्यावरून त्याने मला घरी आणलं. बायको, मथुरा, दारातच होती.

"तुमकाच लिलावात काढल्यानी, तर कोण बोली लावचो नाय."

"गप गो. अक्केसाठी आणलंय. अक्का, बस बघू."

अक्का भिंतीला धरून आली. मी तिला लगेच ओळखलं. तिचा हात माझ्या पाठीवर आला, फिरला आणि चऱ्यावर थांबला. मनगटात आता काही नव्हतं.

"माका नको रे. मी खाली भुयर बरी."

"सरकारी आसा गो, मोडूची नाय."

"हीच ती, दाजी. माजी बांगडी हेच्यारच फुटली. तेव्हाच माका कळला, तो काय येवचो नाय."

एवढ्या खुर्च्यांतून नेमकं मलाच दाजीने उचललं होतं. तो कुऱ्हाड आणायला वळला.

"रव," अक्केने त्याला थांबवलं. "खुर्चीचो काय दोष? ती रिकामीच होती. बस म्हणणारो कोण नाय होतो. ठेव पडवीत. दारात कोण इलो तर तेका बसव. उभ्यान बोलू नको कोणाशी."

तेव्हापासून पोस्टमन बसला, मासळीवाली बसली, वाट चुकलेला गोसावीही बसला. अक्का माझ्याशेजारी जमिनीवर कोकमासाठी रातांबे फोडत असायची. उठताना माझा पाय धरायची. बसली मात्र कधीच नाही.

शेवटच्या आजारात दाजी तिला म्हणाला, "एकदा तरी बस गो. मी उचलून बसवतंय."

"आता कित्याक रे?" ती हसली.

अक्का गेली. माझा वेत आता फाटलाय, कोंबडी त्यात अंडी घालते. दाजी म्हातारा झाला, तोही बसत नाही. संध्याकाळी माझ्या पाठीला टेकून समुद्राकडे बघतो. त्याचं बोट चऱ्यावरून फिरत राहतं. दारात पाऊल वाजलं की पटकन कोंबडीला हुसकतो.

तुमच्यापुढे कुणी उभं असेल, तर त्याला बसा म्हणा. त्या दिवशी कचेरीत मलाही तेच म्हणायचं होतं. खुर्चीला ते म्हणता येत नाही.