वाळूवरची साय

मी वाळूवर धरलेली साय बोलतेय. दुधावरच्या सायीसारखीच पातळ, फक्त काळपट आणि खरखरीत. शेवाळ, दगडफूल आणि डोळ्यांना न दिसणारे धागे एकत्र येऊन मी बनते. कोरडी असले की लोक मला मळ समजतात. समजू देत. वाळूचे कण बांधून ठेवायचं काम मला येतं, तेवढं पुरे.

चीनमधल्या निंगश्यात, टेंगर वाळवंटाच्या काठावर, पूर्वी मी दूरवर पसरलेली होते. माझ्यातच केसांसारखं काळं शेवाळ वाढायचं. लग्नाच्या जेवणात त्याचं सूप मानाचं. त्यासाठी बायका दाताळी घेऊन मला ओरबाडायच्या. मूठभर शेवाळासाठी अख्खी टेकडी सोलली जायची. पुढे त्यावर बंदी आली, पण तोवर वाळू सुटली होती.

लानश्या नावाच्या बाईचं टरबुजांचं शेत अशाच एका टेकडीमागे आहे. तिने आणि गावातल्या बायकांनी वाळूत गवताच्या काड्या रोवून चौकोन केले. दूरच्या एका घळीत मी शाबूत होते. तिथले माझे तुकडे आणून त्यांनी कुस्करले, ताटांत ओले ठेवून वाढवले आणि चौकोनांत पेरले. दोन हिवाळे गेले आणि मी धरले.

तेवढ्यात तिच्या धाकट्या दिराचं लग्न ठरलं. लानश्याची सासू, सुयिंग, जुनं दाताळं खांद्यावर टाकून आली.

"आई, दाताळं घेऊन कुठे निघालात?"

"बघ, किती काळं काळं आलंय! लग्नात सूप होणार."

"हे ते शेवाळ नाही हो. आणि असतं तरी बंदी आहे."

"बंदी म्हणे! माझ्या लग्नात सूप होतं, म्हणून तुझा सासरा अजून टिकलाय."

"ते तुमच्या धाकाने टिकलेत."

सुयिंगने उत्तरादाखल दाताळं चालवलंच. एक चौकोन करकरत फाटला. लानश्याने दांडा धरला.

"आई, वारे सुटायची वेळ झाली. ही साय मोडली तर शेत वाळूखाली जाईल. मग पाहुण्यांना काय वाढणार, वाळू?"

"हा मळ वारा अडवतो होय?"

लानश्या वाद घालत बसली नाही. नमाजाआधी हातपाय धुवायला सासूने सोबत आणलेली तोटीची किटली शेजारीच होती. तिच्यातलं उरलेलं पाणी तिने माझ्यावर ओतलं.

मी प्यायले. किटली खाली ठेवेपर्यंत हिरवी झाले.

सुयिंग उकिडवी बसली. तिने मला एक बोट लावून पाहिलं.

"अगं बाई, जिवंत आहे ही! आधी सांगायला तोंड शिवलं होतं का तुझं?"

"तुम्ही बोलू दिलंत तर ना!"

मग वारे सुटले. पलीकडच्या उघड्या टेकडीची वाळू लोटच्या लोट उठली. माझ्यावरून वारा नुसताच सरकत गेला. फाटलेल्या चौकोनात तेवढा वाडग्याएवढा खड्डा पडला. मागे टरबुजांचे वेल तरारले. लग्नात शेवाळाऐवजी काळे मशरूम बारीक चिरून सूप झालं. कुणी काही विचारलं की सुयिंग डोळे वटारायची.

आता ती रोज हातपाय धुवायला माझ्या काठाशी येते. त्या खड्ड्यात तिने स्वतःच्या बोटांनी माझा चुरा पेरलाय, आणि किटलीतलं उरलेलं पाणी ती तिथेच ओतते. नखाएवढी का होईना, मी तिथे पुन्हा धरले आहे.

तुम्ही कधी इकडे आलात, तर पायवाट सोडू नका. आणि मी मळ आहे असं वाटलंच, तर काठावर थांबून बाटलीतलं उरलेलं पाणी ओता. मग बघत राहा.