ड्वेनचा पॉलिश पेपर आणि माझा भाव

मी हाल्डेमनांच्या घरची शिकारीची बंदूक बोलतेय. जरा मानाने ऐका, कारण परवापरवापर्यंत माझा भाव तीन हजार डॉलर होता आणि मी तो चांगलाच खात होते.

माझा जन्म कारखान्यातला. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. सत्तर वर्षांपूर्वी लाकडाच्या गिरणीत राबणाऱ्या एमिल हाल्डेमनने मला पेनसिल्व्हेनियाच्या या डोंगरगावात आणलं, ते हार्डवेअरच्या दुकानातून, खिळ्यांच्या पुड्याबरोबर. तेव्हा माझ्यासारख्या घरोघरी होत्या. मला कोण विचारतंय!

एमिलचा नेम पक्का. हरीण पडलं की तो खिशातल्या चाकूने माझ्या दस्त्यावर एक बारीक रेघ ओढायचा. तो थकल्यावर मी त्याच्या मुलाकडे, वॉल्टकडे आले. माणूस लाखमोलाचा, पण नेमाच्या नावाने बोंब. आमच्याकडे रीत आहे, नेम चुकला की शिकाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि नाव-साल लिहून शिकारीच्या खोपीत भिंतीवर ठोकायचं. त्या भिंतीवर एकट्या वॉल्टचे अकरा तुकडे आहेत.

एकदाच, आयुष्यात एकदाच, त्याला हरीण मिळालं. त्या आनंदात त्याने मुठीजवळ अशी रेघ कोरली की माझी ढलपीच उडाली. एमिल आठवडाभर त्याच्याशी बोलला नाही. मला मात्र दुखलं नाही, खरं सांगते.

चार वर्षांपूर्वी वॉल्ट गेला. त्याची बायको लॉर्ना दरवर्षी नोव्हेंबरअखेर मला घेऊन रानात जाते. नेम सासऱ्यासारखा. पण यंदा खोपीचं छप्पर गळायला लागलं आणि नव्या पत्र्यांचा खर्च तिच्या आवाक्याबाहेरचा होता. तेवढ्यात कळलं की माझ्या जातीच्या बंदुका आता बनतच नाहीत, म्हणून शौकिनांनी त्यांचे भाव आभाळाला भिडवलेत. एका व्यापाऱ्याने फोटो पाहूनच तीन हजार कबूल केले. शनिवारी न्यायला येतो म्हणाला.

लॉर्नाने हो म्हटलं आणि मग दोन दिवस माझ्याकडे बघणं टाळलं. माझाही तोरा उतरला. भाव खाणं वेगळं आणि उरलेला जन्म कुणाच्या काचेच्या कपाटात काढणं वेगळं. मला रान हवं होतं.

आता यात ड्वेन आला. ड्वेन म्हणजे लॉर्नाचा धाकटा दीर. मनाने सोनं, पण हाताला धीर नाही. वहिनीला चार पैसे जास्त मिळावेत म्हणून शुक्रवारी तो मला गुपचूप आपल्या शेडमध्ये घेऊन गेला. पॉलिश पेपरने दस्ता खसाखसा घासला, वर वार्निश, नळीला नवा काळा रंग. संध्याकाळपर्यंत मी बोहल्यावर चढायला तयार!

शनिवारी व्यापाऱ्याने मला हातात घेतलं आणि चष्मा कपाळावर सारला.

"हे कुणी केलं?"

"मीच," ड्वेन छाती फुगवून म्हणाला. "केली की नाही चकाचक?"

"अहो, त्या जुन्या रंगाचे आणि झिजलेल्या लाकडाचेच तर पैसे होते. आता तीनशे देईन."

ड्वेनचा चेहरा पांढराफटक पडला. लॉर्नाने मला जवळ घेऊन दस्त्यावर अंगठा फिरवला. एमिलच्या रेघा पार गेल्या होत्या, एकही उरली नव्हती. मग मुठीजवळ तिचा अंगठा अडला. वॉल्टची रेघ! पॉलिश पेपर तिच्या तळापर्यंत पोचलाच नव्हता.

लॉर्नाचे डोळे भरून आले.

"बरं, पाचशे," व्यापारी म्हणाला.

"राहू द्या. आता तीन हजारांनाही नाही द्यायची."

व्यापारी गेल्यावर ड्वेन मान खाली घालून पुटपुटला, "वहिनी, माझ्या कोठाराचे पत्रे काढून खोपीवर घालतो मी."

"ते तर घालालच, भावजी. आधी पाठ फिरवा," लॉर्ना म्हणाली आणि तिने कात्री काढली.

भिंतीवर वॉल्टच्या अकरा तुकड्यांशेजारी आता बारावा आहे. त्यावर लिहिलंय, 'ड्वेन. गोळी न झाडता.' वरचे पत्रे वाकडे बसलेत, पण गळत नाहीत. शिकारीच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी त्याखाली बसून कॉफी प्यायली, आणि सगळ्यात मोठ्याने ड्वेनच हसला.

माझा भाव उतरला, त्याचं मला काही वाटत नाही. तुमच्याही घरी जुनं काही असेल, तर ते उजळायला घेण्याआधी त्यावरून एकदा अंगठा फिरवून बघा, एवढंच मागते. लॉर्ना आता नेम धरते तेव्हा तिचा अंगठा बरोबर त्या खोल रेघेत बसतो. बिचाऱ्या वॉल्टला जन्मभर जमला नाही तो नेम, आणि आता त्याच्याच रेघेच्या आधाराशिवाय तिचा हात स्थिर होत नाही.