बाराची ओळ

कॉलेजचा सर्व्हर सांभाळणाऱ्या अण्णांनी साध्या खात्यातून आत शिरून त्यावर चालू असलेल्या कामांची यादी मागवली आणि त्यांचा हात कीबोर्डवर तसाच थबकला. बारा वाजून मिनिट झालं होतं, सर्व्हरचा रोजचा बॅकअप सुरू झाला होता. यादीत त्याची ओळ होती, आणि ओळीच्या शेवटी धडधडीत निकालाच्या डेटाबेसचा पासवर्ड!

बॅकअप घेणारी स्क्रिप्ट त्यांचीच, नऊ वर्षांपूर्वीची. ती फाइल त्यांच्याशिवाय कुणाला उघडता येत नव्हती, याचा त्यांना केवढा अभिमान! पण पासवर्ड आदेशाच्या शेपटालाच लावलेला. बॅकअप चालेल तेवढा वेळ तो सर्व्हरवर साधं खातं असलेल्या कुणालाही यादीत वाचता येत होता. तिजोरीला कुलूप आणि किल्ली खुंटीला.

गेल्या आठवड्यात निकाल जाहीर होण्याआधीच फुटला होता. पासवर्ड ठाऊक होता दोघांनाच, अण्णांना आणि ऑपरेटर ताईंना. अण्णांवर संशय घ्यायला कुणाची जीभ धजावेना, म्हणून सगळं खापर ताईंवर फुटलं. तीन वाजता चौकशी समिती बसणार होती. ताईंची नोकरी गेलीच, असं सगळे धरून चालले होते. अण्णाही. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेजारच्या खोलीत ताई टेबलाचा खण रिकामा करत होत्या.

"ताई, चूक माझी आहे," अण्णांनी दारातूनच सगळं सांगून टाकलं.

"बाराच्या ओळीचं म्हणताय ना? दाखवली होती मी तुम्हाला. दोन वर्षं झाली."

"मला?"

"तुम्ही म्हणालात, ताई, तुम्ही आपलं टायपिंग बघा."

अण्णांना आठवलं. वर हसलेही होते ते.

"मग प्राचार्यांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. अण्णांच्या कामात खोट काढता म्हणून मलाच झापलं."

अण्णांनी सगळं कागदावर लिहिलं, खाली सही केली आणि प्राचार्यांच्या हातात नेऊन दिलं. प्राचार्यांनी तो कागद दोनदा वाचला. "मग तीन वाजता ताई नकोत. तुम्ही या."

परत येऊन अण्णांनी स्क्रिप्टमधला पासवर्ड उपटून टाकला. त्याच्यासाठी वेगळी फाइल केली, फक्त रूटलाच, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य खात्यालाच, वाचता येईल अशी, आणि स्क्रिप्टला तिथून वाचायला लावलं. मग खुर्ची सोडून उठले.

"बसा. नवा पासवर्ड तुम्ही टाका."

"मी? अजून समिती व्हायचीय, अण्णा."

"म्हणूनच."

ताई बसल्या. अण्णा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

"तुम्हाला काय, फाइल उघडून कधीही वाचता येईल."

"येईल," अण्णा म्हणाले. पण वळले नाहीत.

कीबोर्ड वाजला, थांबला, पुन्हा वाजला. मग ताईंनी बॅकअप चालवून यादी मागवली आणि ती ओळ शेवटपर्यंत वाचली.

"नाही दिसत. वळा आता," त्या म्हणाल्या. खणातून काढलेली चष्म्याची डबी त्यांनी परत खणात ठेवली. "आणि चला, तीन वाजत आले. मी येतेय बरोबर."